अमेरिकेतील वांशिक अल्पसंख्याक मानसशास्त्रज्ञांसाठी मार्गदर्शन व प्रशिक्षण कार्यक्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मानसशास्त्र शिकणारे किंवा शिकायला निघालेले मराठी विद्यार्थी, त्यांचे पालक आणि तिथे काम करणारे मराठी समुपदेशक यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विषय अमेरिकेतला आहे, त्यामुळे उत्तरंही तिथल्या व्यवस्थेविषयी आहेत. आपला थेट संबंध जिथे येतो, तिथे तो वेगळा सांगितला आहे.

हे कार्यक्रम नेमके कोणासाठी असतात?

अमेरिकेत या संदर्भात मुख्यतः चार गट धरले जातात: कृष्णवर्णीय, लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे), आशियाई व पॅसिफिक बेटांवरचे, आणि मूळनिवासी अमेरिकन. अलीकडे मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांचाही विचार होऊ लागला आहे. भारतीय वंशाचा विद्यार्थी यात 'आशियाई' म्हणून मोजला जातो. पण बहुतेक चांगल्या कार्यक्रमांत निव्वळ वंश बघून निवड होत नाही. ज्या समाजापर्यंत मानसिक आरोग्याची सेवा पोहोचत नाही, तिथे काम करण्याची तुमची तयारी किती खरी आहे, याला अर्जात सर्वांत जास्त वजन असतं.

वेगळ्या कार्यक्रमांची गरज का पडली? शिक्षण तर सगळ्यांना सारखंच खुलं आहे ना?

कागदावर खुलं होतं, पण आत कोण पोहोचलं ते पाहायला हवं. १९२० साली मॅसॅच्युसेट्समधल्या क्लार्क विद्यापीठातून फ्रान्सिस सेसिल समनर यांना मानसशास्त्रात पीएच.डी. मिळाली. असा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. त्यानंतर १९६६ पर्यंत देशातल्या दहा नामवंत मानसशास्त्र विभागांनी मिळून ३,७०० हून अधिक पीएच.डी. दिल्या. त्यातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मिळालेल्या फक्त आठ. हा आकडा वाचल्यावर 'त्यांच्यात गुणवत्ताच नसेल' असं म्हणणारा माणूस निदान माझ्याशी तरी वाद घालू शकणार नाही. कारण त्याच समनर यांनी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात विभाग उभा केला आणि तिथून केनेथ क्लार्क आणि मेमी फिप्स क्लार्क हे दांपत्य घडलं. शाळांमधल्या वर्णभेदाचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, यावरचं त्यांचं काम १९५४ च्या 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या, सरकारी शाळांमधलं वर्णावर आधारित विभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या ऐतिहासिक निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे होतं. पुढे केनेथ क्लार्क अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे, म्हणजे एपीएचे, पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले.

समनर ते क्लार्क या साखळीकडे नीट बघा. एका माणसाला दार उघडलं गेलं, त्याने एक विभाग उभा केला, आणि त्या विभागातून देशाचा कायदा बदलायला हातभार लावणारी माणसं निघाली. या विषयात मार्गदर्शन म्हणतात ते हेच. आणि म्हणूनच कमतरता विद्यार्थ्यांत नव्हती, पेशात होती, हे माझं ठाम मत आहे. या पानावरचं प्रत्येक उत्तर त्याच मतावर उभं आहे.

१९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एपीएचं अधिवेशन भरलं असताना कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी स्वतःची वेगळी संघटना काढली. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या अधिवेशनात कृष्णवर्णीय विद्यार्थी थेट व्यासपीठावर गेले आणि मागण्या मांडल्या: आमचे विद्यार्थी घ्या, आमचे प्राध्यापक नेमा, आणि आमच्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षणाची सोय करा. आजच्या बहुतेक योजनांचं मूळ त्या मागण्यांत सापडतं. १९७२ मध्ये डेराल्ड आणि स्टॅनली सू या भावांनी सहकाऱ्यांसह आशियाई अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची संघटना उभी केली. लॅटिनो आणि मूळनिवासी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनाही त्याच दशकात आकाराला आल्या. १९८६ मध्ये एपीएमध्ये वांशिक अल्पसंख्याकांच्या अभ्यासासाठी ४५ क्रमांकाचा विभाग सुरू झाला.

मायनॉरिटी फेलोशिप प्रोग्रॅम म्हणजे काय?

या क्षेत्रातली सर्वांत जुनी आणि सर्वांत प्रभावी योजना. १९७४ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या अनुदानावर एपीएने ती सुरू केली. डाल्मस टेलर हे तिचे पहिले संचालक. पुढे सेवाक्षेत्राच्या प्रशिक्षणासाठीचा निधी साम्सा या मानसिक आरोग्य आणि व्यसनांवरच्या सेवा पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेकडून येऊ लागला. मनोविकारतज्ज्ञ, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ते यांच्या पेशांतही याच नावाच्या समांतर योजना आहेत.

डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांना यातून स्टायपेंड मिळतो. पण जुन्या फेलोंना विचाराल तर ते पैशाबद्दल एक वाक्य बोलतात आणि माणसांबद्दल दहा. फेलोशिपमध्ये मार्गदर्शक जोडून दिला जातो, प्रशिक्षण शिबिरं होतात, आणि देशभर विखुरलेले, आपापल्या विभागात एकटे पडलेले विद्यार्थी एकमेकांना भेटतात. उन्हाळ्यात सायकॉलॉजी समर इन्स्टिट्यूट भरते. डॉक्टरेटच्या शेवटच्या टप्प्यातले आणि नुकतेच कामाला लागलेले लोक तिथे आपला संशोधन प्रस्ताव किंवा लेख घेऊन येतात आणि अनुभवी माणसांबरोबर बसून तो पुढे नेतात. २०११ मध्ये एपीएच्या अध्यक्ष झालेल्या मेल्बा वास्केझ या त्या पदावरच्या पहिल्या लॅटिना. विद्यार्थीदशेत त्या याच फेलोशिपच्या मानकरी होत्या.

अट लक्षात ठेवा: अर्जदार अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा लागतो.

माझ्याकडे पीएच.डी.चा गाइड आहेच. मग वेगळा मेंटॉर कशाला?

हा प्रश्न आपल्याकडच्या विद्यार्थ्यांकडून हमखास येतो, कारण आपल्या विद्यापीठांत गाइड म्हणजे सर्वकाही अशी सवय लागलेली असते. अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या प्रशिक्षणात तीन वेगळ्या भूमिका असतात.

पहिला अ‍ॅडव्हायजर. तो तुमच्या संशोधनाचा आणि पदवीचा जबाबदार. तुमचा प्रबंध त्याच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही.

दुसरा सुपरव्हायजर. तुम्ही रुग्णांबरोबर करत असलेल्या कामाची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर असते. तुम्ही अजून लायसन्सधारक नसता, म्हणजे तुम्ही त्याच्या लायसन्सखाली काम करता. तो तुमची सत्रं ऐकतो किंवा पाहतो, तुमचं मूल्यमापन लिहितो, आणि ते मूल्यमापन पुढे इंटर्नशिपच्या अर्जात तुमच्या मागे येतं.

तिसरा मेंटॉर. याच्या हातात तुमची ना सही असते ना गुण, आणि म्हणूनच त्याच्याशी मोकळं बोलता येतं. सुपरव्हायजर तुमच्या उच्चारावरून काही बोलला, एखाद्या रुग्णाने 'मला अमेरिकन थेरपिस्ट द्या' असं तोंडावर सांगितलं, किंवा केस कॉन्फरन्समध्ये एकत्र कुटुंबात राहणाऱ्या तरुणीला 'अवलंबून राहणारी' असं लेबल लागलं आणि तुम्हाला ते पटलं नाही, तर हे बोलायचं कुठे? अ‍ॅडव्हायजरला सांगावं तर तो म्हणेल संशोधनाकडे लक्ष दे. सुपरव्हायजरला सांगावं तर तोच मूल्यमापन करणार. घरी सांगावं तर आई म्हणते, 'जाऊ दे, लक्ष देऊ नकोस.' अशा वेळी ज्याने हे सगळं आधी पाहिलेलं आहे, तो माणूस विचारतो: 'नोंद केलीस का? पुढच्या बैठकीत हे कसं मांडशील, चल, बसून ठरवू.' या एका प्रश्नाने विद्यार्थी टिकतो.

अशा बारीक, रोजच्या अपमानांना इंग्रजीत मायक्रोअ‍ॅग्रेशन म्हणतात. चेस्टर पियर्स या कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञाने १९७० च्या सुमारास ही संज्ञा मांडली. आज ती सगळीकडे वापरली जाते, पण तिचा उगम एका डॉक्टरच्या निरीक्षणात आहे, याची आठवण ठेवलेली बरी.

एकच माणूस या तिन्ही भूमिका निभावेल अशी अपेक्षा धरू नका. दोन-तीन मार्गदर्शक ठेवा, निरनिराळ्या कामांसाठी.

विद्यार्थी नेमके कुठे गळतात?

वाट लांब आहे. चार वर्षांची पदवी, त्यानंतर साधारण पाच ते सात वर्षांची डॉक्टरेट, त्यातच प्रॅक्टिकम (शिकतानाच देखरेखीखाली रुग्णांबरोबर काम), मग पूर्ण वर्षाची इंटर्नशिप, बहुतेक राज्यांत त्यानंतरही देखरेखीखालचे तास, आणि शेवटी लायसन्सची परीक्षा. एकट्या कॅलिफोर्नियाचं उदाहरण घेतलं तरी देखरेखीखालचे ३,००० तास भरावे लागतात.

पहिली गळती डॉक्टरेटच्या प्रवेशाआधीच होते. प्रवेशाला संशोधनाचा अनुभव लागतो, आणि तो बहुधा बिनपगारी असतो. संध्याकाळी किराणा दुकानात काम करून फी भरणारी मुलगी प्रयोगशाळेत फुकट तास कुठून देणार? या टप्प्यावर मॅकनेअर स्कॉलर्स हा केंद्र सरकारचा कार्यक्रम कामाला येतो. १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेत गेलेले कृष्णवर्णीय अंतराळवीर रोनाल्ड मॅकनेअर यांच्या नावाने तो आहे. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या अल्प उत्पन्न गटातल्या आणि कमी प्रतिनिधित्व असलेल्या समाजांतल्या मुलांना पदवीच्या काळातच संशोधन आणि मार्गदर्शक मिळवून देणं, हा त्याचा हेतू.

दुसरी गळती इंटर्नशिपच्या वेळी. देशभरातले विद्यार्थी आणि संस्था आपापल्या पसंतीच्या याद्या देतात आणि फेब्रुवारीत संगणकीय जुळणीने निकाल लागतो. त्याआधी मुलाखती. अनेकदा दुसऱ्या राज्यात स्थलांतर. ज्याच्या घरी आजारी वडील आहेत, धाकटी भावंडं आहेत, त्याच्यासाठी 'देशात कुठेही जायची तयारी ठेवा' हा सल्ला सोपा नसतो. चांगला मेंटॉर या टप्प्यावर अर्जातले निबंध वाचतो, मुलाखतीचा सराव घेतो, आणि एखाद्या ठिकाणी खरोखर कसं वातावरण आहे ते खासगीत सांगतो. ही शेवटची गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही.

तिसरी लायसन्सच्या परीक्षेत. २२५ प्रश्नांची ही परीक्षा महाग आहे, तिच्या तयारीचे कोर्स त्याहून महाग, आणि कृष्णवर्णीय व लॅटिनो उमेदवारांचं उत्तीर्ण होण्याचं प्रमाण कमी असल्याचं संशोधनातून समोर आलं आहे. बहुतेक कार्यक्रम पदवीपाशी संपतात, परीक्षेपर्यंत सोबत करत नाहीत. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत मोठा दोष आहे. दहा वर्षं घालवलेल्या माणसाला शेवटच्या दाराशी एकटं सोडायचं नसतं.

मूळनिवासी अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी वेगळं काही आहे का?

आहे, आणि मला ते या सगळ्यांत विचारपूर्वक घडवलेलं वाटतं. सिनेटर क्वेंटिन बर्डिक यांच्या नावाची केंद्रीय योजना आहे. तिच्यातून नॉर्थ डकोटा, ओक्लाहोमा स्टेट आणि मोंटाना या विद्यापीठांत मूळनिवासी विद्यार्थ्यांना मानसशास्त्रात आणण्याचे कार्यक्रम चालले आहेत. निधी इंडियन हेल्थ सर्व्हिसकडून, म्हणजे मूळनिवासी अमेरिकनांसाठीच्या केंद्रीय आरोग्यसेवेकडून, येतो. हे कार्यक्रम डॉक्टरेटची वाट पाहत बसत नाहीत, शाळा-कॉलेजातल्या मुलांपासून सुरुवात करतात. समाजातल्या ज्येष्ठांना प्रशिक्षणात स्थान असतं. मुलगा सुट्टीत घरी जातो, एखाद्याच्या अंत्यविधीसाठी आठवडाभर थांबतो, तर त्याला गैरहजेरी म्हणून न बघता समजून घेतलं जातं.

मदतीच्या बदल्यात ठरावीक काळ मूळनिवासींच्या आरोग्यसेवेत काम करावं लागतं. काहींना हे बंधन वाटतं. मराठी वाचकाला ही कल्पना अनोळखी नसावी: १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, आणि परतल्यावर संस्थानची नोकरी करण्याचा करार करूनच. करार न्याय्य आहे की नाही हे कामाच्या ठिकाणी तुम्हाला माणूस म्हणून कसं वागवलं जातं यावर ठरतं. बडोद्यात बाबासाहेबांना राहायला घर मिळू दिलं गेलं नाही, हे आपण विसरू नये. म्हणून अशा योजनेत सही करण्याआधी सेवेच्या जागा कोणत्या, तिथे सुपरव्हायजर कोण आणि राहण्याची सोय काय, हे विचारून घ्यावं.

मेंटॉर आपल्याच समाजाचा असावा का?

असला तर बरं, पण हट्ट धरू नये. कारण साधं आहे: तेवढी माणसंच नाहीत. २०१५ च्या आकडेवारीनुसार अमेरिकेत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांपैकी सुमारे ८६ टक्के गोरे होते, आशियाई आणि लॅटिनो प्रत्येकी ५ टक्के, कृष्णवर्णीय ४ टक्के.

याचा दुसरा परिणाम फार कमी बोलला जातो. विभागात एकच कृष्णवर्णीय किंवा लॅटिना प्राध्यापिका असेल, तर त्या समाजाचा प्रत्येक विद्यार्थी तिच्याच दारात येतो. विविधतेची प्रत्येक समिती तिलाच बोलावते. तिचं संशोधन मागे पडतं, आणि बढतीच्या वेळी तेच मोजलं जातं. अमादो पडिया या अभ्यासकाने १९९४ मध्ये याला 'सांस्कृतिक कर' म्हटलं. तुम्ही तिच्याकडे मदत मागाल तेव्हा हे ध्यानात असू द्या. आणि तुम्ही विभागप्रमुख असाल, तर तिच्या मार्गदर्शनाचे तास कामाच्या भारात धरा, नुसती कृतज्ञता व्यक्त करून थांबू नका.

दुसऱ्या समाजाचा मेंटॉर उत्तम काम करू शकतो, जर तो ऐकून घेणारा असेल, वंशाचा विषय निघाल्यावर तो टाळत नसेल, आणि स्वतःला जे माहीत नाही त्यासाठी तुम्हाला दुसऱ्या कोणाशी जोडून देत असेल.

समूहाने मार्गदर्शन करण्याची परंपरा जोसेफ व्हाइट यांनी घालून दिली. १९६१ मध्ये मिशिगन स्टेटमधून पीएच.डी. झालेले व्हाइट पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत शिकवत. त्यांच्या शिष्यांच्या जाळ्याला 'फ्रीडम ट्रेन' म्हणत. व्हाइट ज्याला हात देत, त्याने पुढच्याला हात द्यायचा, ही त्यात चढण्याची अट. २०१७ मध्ये ते गेले. त्यांच्या शिष्यांचे शिष्य आज विभागप्रमुख आहेत.

रुग्णाच्या भाषेत काम करायचं प्रशिक्षण मिळतं का?

स्पॅनिशमध्ये काही ठिकाणी मिळतं. सॅन अँटोनिओचं अवर लेडी ऑफ द लेक विद्यापीठ त्यासाठी ओळखलं जातं. इतर भाषांत जवळजवळ नाही. भाषेचा मुद्दा किती जुना आहे बघा: न्यू मेक्सिकोचे शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज सांचेझ १९३० च्या दशकातच सांगत होते, की स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धी इंग्रजी चाचणीने मोजणं चूक आहे.

मराठी, गुजराती किंवा तेलुगू बोलणाऱ्या आजी-आजोबांबरोबर सत्र घेणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण अशी, की सत्र मराठीत होतं आणि सुपरव्हिजन इंग्रजीत. 'जीव घाबरतो', 'डोक्यात विचारांचं काहूर', 'कशातच मन लागत नाही' हे सगळं त्याला इंग्रजीतल्या दोन-तीन निदानांत बसवावं लागतं. शिवाय हे भाषांतराचं काम कोणी मोजत नाही. विभागाकडे त्याची नोंद मागा. सुपरव्हायजरला सत्राचा काही भाग मूळ शब्दांत आणि अर्थासह लिहून द्या. मराठी जाणणारा लायसन्सधारक दुसऱ्या शहरात असेल, तरी रुग्णाची ओळख उघड न करता सल्ला घेण्याची रीतसर सोय करता येते. त्यासाठी आधी तुमच्या सुपरव्हायजरची लेखी परवानगी हवी.

अशा योजनांमुळे गुणवत्तेशी तडजोड होते का?

नाही. फेलोला तीच डॉक्टरेट, तोच प्रबंध, तेच तास आणि तीच परीक्षा पार करावी लागते. सवलत उत्तीर्णतेत नसते.

चांगला कार्यक्रम आणि नुसता नावापुरता कार्यक्रम, फरक कसा ओळखायचा?

माहितीपत्रकावर वेगवेगळ्या रंगांचे हसरे चेहरे सगळेच छापतात. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, की आत्ता तिथे शिकत असलेल्या दोन जणांशी एकांतात बोला, प्राध्यापकांसमोर नको. गेल्या काही वर्षांत कोण अर्ध्यातून सोडून गेलं आणि का, हे विचारा. उत्तर येईपर्यंतची शांतता बरंच काही सांगते.

मेंटॉरना या कामाचा मोबदला किंवा वेळ मिळतो का? मिळत नसेल तर दुसऱ्या सत्रापासून भेटी रद्द व्हायला लागतात. भेटी ठरलेल्या आहेत की 'गरज लागली तर मेल करा' एवढंच आहे? गरज असलेला विद्यार्थी मेल करत नाही, हा अनुभव आहे, म्हणून तारखा आधीच ठरलेल्या हव्यात. जोडी जमली नाही तर बदलण्याची सोय आहे का, तीही कोणालाही दोष न देता? सगळं मार्गदर्शन अल्पसंख्याक विद्यार्थ्यांनाच देतात, की त्यांच्या सुपरव्हायजरनाही शिकवतात? मी या शेवटच्या प्रश्नाला सर्वाधिक महत्त्व देते. विद्यार्थ्याला सहनशक्तीचे धडे द्यायचे आणि त्याला दुखावणारी पद्धत तशीच ठेवायची, याला मी प्रशिक्षण म्हणत नाही. एपीएने १९९४ मध्ये नेमलेल्या भरती, टिकवणूक आणि प्रशिक्षण आयोगाच्या नावातच टिकवणूक आहे, हे इथे आठवावं. भरती करून फोटो काढणं सोपं असतं.

अलीकडे हे कार्यक्रम बंद होत आहेत असं ऐकतो. खरं काय?

काळजीचं कारण नक्कीच आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये एपीएने वंशवादाला हातभार लावल्याबद्दल आणि तो रोखण्यात कमी पडल्याबद्दल जाहीर माफी मागितली होती. पण जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन प्रवेशात वंशाचा थेट विचार करण्याला मनाई केली. २०२५ मध्ये केंद्र सरकारने विविधतेच्या उपक्रमांविरुद्ध पावलं उचलली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये एपीएच्या मान्यता आयोगाने विविधतेशी संबंधित निकषांची अंमलबजावणी स्थगित केली. केंद्राच्या निधीवर चालणाऱ्या योजनांचं भवितव्य त्यामुळे अस्थिर झालं आहे. नावं आणि पात्रतेची भाषा बदलते आहे, म्हणून जुन्या लेखांवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या याद्यांवर विसंबू नका. अर्ज करण्याच्या वर्षीच्या अटी मूळ संस्थेकडूनच तपासा.

सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या वांशिक संघटनांचं मार्गदर्शन सरकारी अनुदानावर तितकं अवलंबून नाही. १९६८ साली वेगळी संघटना काढण्याचा निर्णय किती दूरदृष्टीचा होता, ते आज कळतं.

मी महाराष्ट्रातून एफ-१ व्हिसावर जाणार आहे. मला यातलं काय मिळेल?

केंद्राच्या निधीवरच्या फेलोशिप बहुधा मिळणार नाहीत. आणखी एक गोष्ट आधीच माहीत असावी: माजी सैनिकांची आरोग्यसेवा, म्हणजे व्हीए, ही देशातली मानसशास्त्रज्ञांना प्रशिक्षण देणारी सर्वांत मोठी यंत्रणा आहे आणि तिथल्या इंटर्नशिपला नागरिकत्व लागतं. म्हणजे इंटर्नशिपच्या यादीतल्या बऱ्याच जागा तुमच्यासाठी सुरुवातीपासूनच बंद. प्रवेश घेतानाच विभागाला विचारा, की तुमच्या आधीच्या परदेशी विद्यार्थ्यांना कुठे जागा मिळाल्या.

मिळेल ते हे: आशियाई अमेरिकन संघटनेचं विद्यार्थी सभासदत्व आणि तिच्यातला दक्षिण आशियाई विभाग, एपीएचा ४५ वा विभाग, आंतरराष्ट्रीय मानसशास्त्राचा ५२ वा विभाग, आणि समुपदेशन मानसशास्त्राच्या १७ व्या विभागातलं परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं मार्गदर्शन. वर्गणी फार नसते. विद्यापीठाकडून फीमाफी आणि सहायकपदाचा पगार देणाऱ्या पीएच.डी.ला प्राधान्य द्या. सायडी (PsyD) या, संशोधनापेक्षा प्रत्यक्ष व्यवसायावर भर देणाऱ्या डॉक्टरेटचा खर्च बहुधा स्वतःच करावा लागतो.

अनुसूचित जातीतल्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांनी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिक्षण शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप यांची जाहिरात दरवर्षी बघावी. अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाचे विद्यार्थी या योजनांकडे आपसूक वळतात, मानसशास्त्राकडे जाणाऱ्यांना बहुधा कोणी सांगतच नाही.

आमची मुलगी अमेरिकेतच वाढली. ती सायकॉलॉजी घेते म्हणते. तिला 'अल्पसंख्याक' म्हणवून घ्यायची गरज आहे का?

तिलाच ठरवू द्या. भारतीय म्हणजे हुशार, यशस्वी, तक्रार न करणारे, ही प्रतिमा वरवर गोड वाटते. पण तिच्यामुळे आशियाई मुलांच्या नैराश्याकडे शिक्षकांचं लक्ष जात नाही, आणि आशियाई प्रशिक्षणार्थीला मदत लागेल असं कोणाच्या मनातही येत नाही. घरात 'डॉक्टर किंवा इंजिनिअर का नाही?' हा प्रश्न तिने ऐकलेला असेलच. दक्षिण आशियाई मेंटॉर तिला या दोन्ही बाजूंबद्दल बोलायला जागा देतो. तुम्ही पालक म्हणून एवढंच करा: तिच्या निवडीला 'तात्पुरती' समजू नका.

'आशियाई' या एका रकान्यात जात दिसत नाही. त्याचं काय?

दिसत नाही हेच खरं. अमेरिकेत दोन भारतीय विद्यार्थी एकाच गटात मोजले जातात, मग त्यांच्या कुटुंबांना इतिहासाने काहीही दिलेलं किंवा हिरावलेलं असो. आडनाव विचारणं, गाव विचारणं, काय खातोस विचारणं हे भारतीय मेंटॉरकडून झालं, तर दलित विद्यार्थ्याला त्याचा अर्थ लगेच कळतो आणि बाजूच्या गोऱ्या सुपरव्हायजरला काहीच कळत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल हे जातिभेदावर बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तसं विधेयक विधिमंडळात मंजूर होऊनही राज्यपालांनी नाकारलं. मार्गदर्शन करू इच्छिणाऱ्या सवर्ण मराठी मानसशास्त्रज्ञांनी हे सगळं आधी वाचावं, विद्यार्थ्याला शिकवायला लावू नये. ज्या विद्यार्थ्याला जात सांगायची नाही, त्याला ती सांगावी लागू नये, आणि ज्याला सांगायची आहे, त्याला ऐकणारा मिळावा.

मेंटॉरला पहिला मेल कसा लिहावा?

लहान. 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' आणि दीड पानाची आत्मकथा नको. तुम्ही कोण, त्यांचं कोणतं काम वाचलंत आणि त्यातला कोणता मुद्दा तुमच्या मनात राहिला, आणि तुम्हाला नेमकं काय हवं आहे: वीस मिनिटांचा फोन, निबंधावर नजर, की एखाद्याशी ओळख. 'माझे मेंटॉर व्हाल का?' असं पहिल्याच मेलमध्ये विचारू नका. त्या प्रश्नाला 'हो' म्हणणं जड जातं, वीस मिनिटांना जात नाही. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. भेट झाल्यावर त्यांच्या सल्ल्याचं पुढे काय झालं ते कळवा. बहुतेक जण हे करत नाहीत, आणि जे करतात त्यांचं नाव लक्षात राहतं.

मेंटॉरशी किंवा सुपरव्हायजरशी बिनसलं तर?

मेंटॉर बदलणं सोपं आहे: आभार माना आणि भेटी कमी करा. सुपरव्हायजरच्या बाबतीत घटना तारखेसह लिहून ठेवा, रुग्णाची नावं त्यात नकोत. आधी त्याच्याशी थेट बोलून बघा, तेही शक्य नसेल तर विभागाच्या प्रशिक्षण संचालकांकडे जा. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाकडे तक्रारीची लेखी पद्धत असावीच लागते आणि ती तुम्हाला पहिल्या वर्षीच्या हँडबुकमध्ये मिळते. विद्यापीठात ऑम्बुड्स कार्यालय, म्हणजे तक्रारी ऐकणारं तटस्थ कार्यालय, असेल, तर तिथलं बोलणं सहसा गोपनीय राहतं. व्हिसावरच्या विद्यार्थ्याने मात्र तास किंवा जागा सोडण्याआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला विचारावं, कारण प्रॅक्टिकम मध्येच थांबला तर कामाच्या परवानगीवर परिणाम होऊ शकतो.